पाच तारखेची सासू

घटस्फोट झाला तेव्हा माझ्या घरातून नवरा गेला, नवऱ्याची मोटारसायकल गेली, आणि त्याच्या तालमीतल्या मित्रांचं वेळी-अवेळी चहाला टपकणं गेलं. सासू मात्र गेली नाही. कारण ती जामीनदार होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी फार मोठ्या मनाची बाई आहे. तसं काही नाही. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, आणि काही माणसं समोर हात पुढे करून बसली की जरा जाड सुई घ्यावी असं मला आजही वाटतं. घेत नाही, पण वाटतं.

तर झालं असं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही फुलेवाडीत एक फ्लॅट घेतला. कर्ज एका पतसंस्थेचं. घर तारण, कर्जदार म्हणून आम्ही दोघं, आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे दोन जामीनदार. एक माझा मोठा भाऊ. त्यानं एकही पान न वाचता सही केली आणि वर म्हणाला, "काय झालं तर मला सांगू नगा." दुसऱ्या माझ्या सासूबाई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी सगळी पानं वाचली, दोन प्रश्न विचारले, चष्मा पुसला आणि मग सही केली. त्यांची निवृत्तीची ठेव त्याच संस्थेत होती. आम्ही हप्ते बुडवले तर ती ठेव कर्जात वळती होणार, हे त्यांना सहीच्या आधीच कळलं होतं.

पुढे आमचं पटेना. भांडण मोठं नव्हतं, पण रोजचं होतं. माझ्या नवऱ्याचं शाहूपुरीत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि माणूस दिलदार आहे. म्हणजे जगासाठी. मंडळाच्या पोरांचे टी-शर्ट ह्याच्याकडून, महाप्रसादाचा तांदूळ ह्याच्याकडून, कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली तर प्लग फुकट. घरात गॅस संपला की मात्र "बघूया की". लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या पेठेत कुणी नव्हता. मी काही वर्षं ऐकलं, काही वर्षं ओरडले, आणि मग आम्ही दोघांनी राजीखुशीनं कोर्टात कागद दिले. घर माझ्याकडे, पुढचे हप्ते मी भरायचे, आणि मुलीचं शिक्षण होईपर्यंत त्यानं दर महिन्याला तिची पोटगी द्यायची. मी मनातल्या मनात हिशेब केला. माझा पगार घराला, त्याची पोटगी शाळेला, आणि आम्ही दोघी जे उरेल त्यात.

हे सगळं ठरल्यावर मी पतसंस्थेत गेले. म्हटलं, आता कागदावरून नवऱ्याचं आणि त्याच्या आईचं नाव काढा. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे मोठ्या मायेनं बघितलं.

"म्याडम, ते कोर्टाचं कोर्टात. आमच्याकडं दोघंबी कर्जदार आणि दोघंबी जामीनदार. संसार मोडला म्हणून कर्ज मोडत न्हाई की."

आमचा हप्ता पाच तारखेला असायचा. पुढच्या पाच तारखेला दाराची बेल वाजली. दार उघडलं तर माजी सासूबाई उभ्या. इस्त्रीची सुती साडी, काखेत पर्स, आणि रणरणत्या उन्हात हातात मिटलेली काळी छत्री. ती छत्री त्यांच्या हाताचाच भाग होती. नोकरीतली पंधरा वर्षं त्यांनी गगनबावड्याच्या बाजूला काढली होती. तिथं पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या छपराखाली शेजारच्याचं बोललेलंही ऐकू येत नाही. त्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी पोरांना पाढे शिकवले. त्यामुळे त्यांचा साधा आवाजही तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगमध्ये ऐकू जातो.

लग्न टिकून होतं तोवर मी त्यांना आई म्हणायची. आता ते घशात अडकलं. काकू म्हणावं तर शेजारीण वाटते, मॅडम म्हणावं तर भांडण काढल्यासारखं वाटतं. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"कर्जदार हाय का घरात?"

"या की जामीनदार," मी म्हटलं.

तेव्हापासून आमची तीच नावं पडली. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचे नियमही घालून घेतले. दाराच्या आत चपलांच्या स्टँडशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची असायची, तिथंच बसायचं. त्या खुर्चीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. मी दार लावायला लागले तर म्हणाल्या, "उघडंच ऱ्हाऊ दे. मी बसायला न्हाई आलो." मग अर्धा कप चहा आणि एकच प्रश्न, "भरला?" मी मोबाइलवर हप्ता भरल्याचा मेसेज दाखवायची. त्या चष्मा वर करून वाचायच्या, तारीख बघायच्या आणि उठायच्या.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती आजीचा हात ओढायची. "आजी, आत ये की. माझी खोली बघ की."

"न्हाई बाळा, मी कामाला आलोय," असं म्हणत त्या पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढायच्या. लाडू खाताना पाढा म्हणावा लागायचा.

मला त्यांचा राग यायचा, कशाला खोटं बोलू. महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन आपल्या संसाराला भिंग लावतं, हे कुठल्या बाईला आवडेल? खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांची नजर सगळीकडे फिरायची. पडदा नवा दिसला की "पडदा?" मी म्हणायची, "बहिणीनं दिला." "बरं." एकदा मी सेलमध्ये तेल न घालता वडे तळायचं यंत्र घेतलं. पाच तारीख आली की ते उचलून शेजारच्या भाभींकडे ठेवायचं, आणि जामीनदार गेल्या की परत आणायचं. भाभी शिवणकाम करायच्या. त्यांच्या मशीनशेजारी ते यंत्र मुकाट बसून राहायचं. चार-पाच महिने असे गेले. मग एका पाच तारखेला सासूबाई जिना चढत असताना भाभींनी मोठ्या कौतुकानं त्यांना वडेच खायला दिले. सासूबाईंनी वडा खाल्ला, चव घेतली, आणि खुर्चीवर येऊन टेकताच म्हणाल्या, "त्येल वाचतंय नव्हं? मग वाचलेलं हप्त्यात भर की."

मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. त्यांनाही आलं होतं, त्यांनीही दाखवलं नाही.

सुरुवातीला त्यानं पोटगी वेळेवर दिली, हे सांगायला पाहिजे. मग तो मंडळाचा अध्यक्ष झाला. त्यानंतर पोटगी आधी उशिरा यायला लागली, मग अर्धी, मग नुसता फुलाचा फोटो आणि खाली 'शुभ सकाळ'. मी फोन केला की आवाज इतका गोड की साखर तपासावी. "पुढच्या आठवड्यात देतो. आण, पोरीची आण." पोरीची आण घ्यायला त्याला काही पडत नव्हतं, ती फुकटच होती.

मुलगी सातवीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर पोटगी साफ बंद पडली. शाळेची फी डोक्यावर आली. शाळेनं वर्गात नाव घ्यायला सुरुवात केली तेव्हा मी हप्त्याला ठेवलेले पैसे उचलले आणि फी भरली. तो हप्ता थकला. पुढच्या महिन्यात त्याच्यामागोमाग दुसराही थकला. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात, तसं माझं झालं. संस्थेतून फोन आला. तिसराही थकला तर घराच्या जप्तीची नोटीस निघेल, आणि जामीनदारांच्या ठेवीवर बोजा चढेल. ज्या घरासाठी मी रोज सकाळी सात वाजता अनोळखी लोकांच्या हातातली शीर शोधत होते, ते घर हातातून जायला आता एकच हप्ता थकायचा बाकी होता.

पहिला हप्ता थकला तेव्हा मी सासूबाईंना खोटंच सांगितलं. म्हटलं, दवाखान्याचा खर्च निघाला. मुलाविरुद्ध त्याच्या आईपुढे कशाला बोला? आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तर कुणाला दाखवायचं, असं त्यांचं व्हायचं. दुसऱ्या पाच तारखेला मात्र खोटं जमेना. त्यांनी विचारलं, "भरला?" आणि मी मानेनंच नाही म्हटलं. चहा तसाच राहिला. वर साय धरली.

"त्यो देईना?"

"दिवाळीपासून नाही दिली पोटगी."

"आणि तुझा वकील काय म्हणतोय?"

"वसुलीचा अर्ज केलाय. तारीख पडलीय."

"तारीख पडू दे. त्याच्या आदी माझी ठेव पडंल आणि तुझं घर पडंल." त्यांनी छत्रीची मूठ धरली. मग उठल्या. "उद्या अकराला शाहूपुरीत ये. त्याच्या दुकानासमोर चहाचा गाडा हाय, तितं उभी ऱ्हा. तोंड उघडायचं न्हाई. मी बघतो."

काय बघणार हे त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, दुकानात जाऊन कान धरतील. पण त्या रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या, हे मी विसरले होते. थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवायची, म्हणजे लाजेनं माणूस पैसे भरतो, ही युक्ती त्यांनी पेपरात वाचली होती.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून नमुन्यांची पेटी घेऊन निघाले, ती स्कूटरवर पायांपाशी ठेवली आणि चहाच्या गाड्यावर उभी राहिले. अकराला सासूबाई आल्या. काळी छत्री, इस्त्रीची साडी, आणि मागे दोन हलगीवाले भाऊ. थोरला कधीकाळी चौथीत त्यांच्या वर्गात होता. बाईंनी बोलावलं म्हटल्यावर तो आला होता, आणि अजूनही त्यांच्याशी बोलताना सरळ उभा राहत होता. त्यांनी दुकानासमोर त्याला जागा दाखवली, छत्रीनं खूण केली, आणि हलगी कडाडली.

आता सासूबाई आयुष्यभर पोरांना शिकवलेल्या बाई. सगळं जाणणाऱ्या. पण एक गोष्ट त्या साफ विसरल्या. हे कोल्हापूर आहे. इथं हलगी वाजली की माणूस लाजत नाही, नाचतो.

पहिल्या ठोक्याला शेजारच्या रंगाच्या दुकानातली पोरं बाहेर आली. दुसऱ्या मिनिटाला हमालांनी पोती खाली टाकली. गाड्यावरच्या एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "काय ओ ताई, कशाचं म्हणायचं?" मी म्हटलं, "मला काय माहीत." तो म्हणाला, "काय का असंना, वाजतंय झकास!" आणि कप माझ्या हातात देऊन रस्त्यावर गेला. कुणीतरी दुकानातल्या फोटोला घालायला आणलेला ताजा हार घेऊन धावलं. तेवढ्यात आमचे अध्यक्ष बाहेर आले.

दोन दिवसांनी त्याचा वाढदिवस होता. त्याला वाटलं, मित्रांनी आधीच गंमत केली. चेहरा असा फुलला म्हणता! आईकडे त्याचं लक्षही गेलं नाही. दोन्ही हात वर करून त्यानं पायरीवरूनच ठेका धरला. हार गळ्यात पडला. "अध्यक्ष, अध्यक्ष" सुरू झालं. आणि खरं सांगते, तो नाचतो छान. एका मैत्रिणीच्या लग्नाच्या वरातीत मी त्याच्यावर भाळले ती त्या नाचावरच. गाड्यापाशी उभ्या उभ्या मला त्याचा इतका संताप आला की हातातले दोन्ही कप फेकून मारावेत असं वाटलं. पोरीची फी राहिली, घर चाललंय, आणि हा नाचतोय.

सासूबाई तिथंच उभ्या होत्या. बोलावलेली लाज त्यांच्या डोळ्यांदेखत वरात झाली होती. मग त्यानं खिशात हात घातला, एक करकरीत नोट काढली, थोरल्या हलगीवाल्याच्या डोक्यावरून ओवाळली आणि त्याच्या हातात कोंबायला गेला.

सासूबाईंनी ती नोट वरच्यावर धरली.

"थांबवा!"

गगनबावड्याचा आवाज तो. दोन हलग्या, पन्नास माणसं आणि एक ट्रक, सगळं थांबलं. ट्रकवाल्यानं इंजिनही बंद केलं.

"ही नोट माझ्या नातीची हाय," त्या म्हणाल्या.

तो खुळ्यासारखा बघत राहिला. "आई? तू कवा आलीस?"

"हलगी मीच आणलीय. नाचायला न्हाई." मग त्या सगळ्यांकडे वळल्या, वर्गाकडे वळावं तशा. "माझा लेक वर्गणी देतोय, टी-शर्ट वाटतोय, आणि पोटच्या पोरीची पोटगी दिवाळीपास्नं देईना. तिची फी भरली म्हणून तिच्या आईचे घराचे हप्ते थकले. आता ते घर जाईल. माझी ठेवबी जाईल. वसुलीला आलोय मी." आणि हलगीवाल्यांना म्हणाल्या, "आता वाजवा."

कुणी वाजवलं नाही. ज्या पोरानं हार घातला होता तो हळूच पुढे आला आणि त्यानं हार परत काढून घेतला. फोटोला पाहिजे म्हणून, असं काहीतरी पुटपुटला.

मला वाटलं होतं, ही वेळ आली की मला गारगार वाटेल. किती रात्री मी ह्याची कल्पना केली होती. तसं झालं नाही. त्याचा चेहरा पडला, तेव्हा तो अगदी मुलीसारखा दिसला. गृहपाठ विसरला की ती अशीच दिसते. मला त्याची दया आली. फार वेळ नाही, एक घोट चहा संपेपर्यंत.

"आई, आत चल. आत बोलू," तो म्हणाला.

"आत न्हाई. आत तू गोड बोलतोस."

मंडळातल्या दोघा-तिघांनी खिशातून नोटा काढल्या. "काकू, घ्या, आम्ही देतो. काय मोठी गोष्ट हाय?" सासूबाईंनी पदर मागे घेतला. "तुमचं न्हाई पायजे. पोरगी मंडळाची न्हाई, ह्याची हाय."

तो दुकानात गेला. गल्ला उघडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. बाहेर आला तो हातात रुमालात बांधलेले पैसे घेऊन, आणि येताना त्यानं शटर खाली ओढलं. मग त्याची नजर चहाच्या गाड्याकडे गेली.

"तू आणलंस व्हय हिला?"

"मी चहा पितेय," मी म्हटलं. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, तेवढं एक मोडलं.

"घरी दिऊ?" त्यानं आईला विचारलं.

"संस्थेत. आत्ता. माझ्यासमोर."

आणि आमची वरात निघाली. दुसरं काय म्हणायचं त्याला? पुढे सासूबाई छत्री घेऊन, त्यांच्या मागे तो रुमाल छातीशी धरून, मागे स्कूटर ढकलत मी, आणि सगळ्यांच्या मागे हलगीवाले, कारण त्यांचे ठरलेले पैसे अजून द्यायचे होते. थोडं चालल्यावर धाकट्याची बोटं सवयीनं हलगीवर पडायला लागली. हळूच, चालीत. एका दुकानदारानं विचारलं, "कुणाची वरात ओ पावणं?" मागून कुणीतरी उत्तर दिलं, "ह्यांचीच. दुसऱ्यांदा निघालीया." मला हसू फुटलं. पुढे बघितलं तर त्याचे खांदेही हलत होते. लग्नातल्या वरातीत आम्ही दोघं एकाच घोड्यावर होतो आणि मला भीती वाटत होती. ह्या वरातीत मला अजिबात भीती वाटली नाही.

काउंटरवरच्या त्याच माणसानं दोन्ही हप्ते भरून घेतले. सही करताना त्यानं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं, पण विचारलं काही नाही. हलगीवाल्यांनी बाहेर पायरीवर आपले पैसे अध्यक्षांकडूनच मोजून घेतले. थोरला बाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाई, पुन्हा लागली तर सांगा."

त्यानंतर मुलीचा बाप सुधारला असं मी म्हणणार नाही. पण दर महिन्याच्या चार तारखेला संध्याकाळी त्याला आईचा फोन जायचा. फोनवर सासूबाई काही बोलायच्या नाहीत. बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा कानाशी धरायच्या आणि त्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरायच्या. ढिम् ढिम् ढिढिम्. मग फोन ठेवायच्या. पोटगी रात्रीच्या आत जमा व्हायची. दोनदा उशीर झाला तेव्हा डबा दोनदा वाजला.

शाहूपुरीतल्या त्या प्रकाराचा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. फिरत फिरत तो मुलीपर्यंत आला. मी काळजीत पडले. ती सोफ्यावर बसून बघत होती, मी मागून बघितलं. बाप हात वर करून नाचतोय, हार पडतोय, आणि आजीचा हात पुढे येतो तिथं तिनं थांबवलं आणि परत पहिल्यापासून लावलं. पुढे कित्येकदा मी तिला तो बघताना पाहिलं. दर वेळी ती तिथंच थांबवायची, बापाचा चेहरा पडायच्या आधी.

गेल्या वर्षी हप्ते संपले. शेवटचा हप्ता भरायला आम्ही दोघी मिळून गेलो, कर्जदार आणि जामीनदार. मुलगी कॉलेजात होती. काउंटरवरचा माणूस आता पिकला होता. घराचे कागद माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "आज्जी, सुटलासा बगा."

"सुटलो म्हणायचं," त्या म्हणाल्या. पायऱ्या उतरताना मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी धरू दिला. खाली आल्यावर सोडवून घेतला. "चलतो मग," म्हणाल्या, आणि स्टॉपकडे चालू लागल्या. मागे वळून बघितलं नाही. मी कागदांची पिशवी छातीशी धरून उभी राहिले. घर माझं झालं होतं, पूर्ण माझं. आणि आनंदाच्या जागी मला रडायला येत होतं. आता ही बाई कशाला येईल माझ्याकडे? तिचं माझ्याकडे काय राहिलं?

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला माझी सुट्टी होती. मी सकाळपासून घरभर उगाच वावरत होते. दूध जास्त घेतलं होतं, ते का, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. अकरा वाजून गेले. मुलगी म्हणाली, "आई, बस की जरा. किती फेऱ्या घालशील?" तेवढ्यात बेल वाजली.

सासूबाई दारात. इस्त्रीची साडी, छत्री. जिना चढून दम लागला होता. त्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि थांबल्या. कर्जदार म्हणायचं तर मी आता कर्जदार नव्हते. मलाही जामीनदार म्हणता येईना.

"आज कशाला आलासा?" माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच वाटलं, हे काय विचारलं आपण.

त्यांनी काही राग धरला नाही. स्टँडशेजारची खुर्ची आपली रिकामी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग छत्री तिच्यावर ठेवली.

"घर बघायला आलोय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं हप्ताच बघितला. घर नीट कुटं बघितलंय मी?"

आणि चपला काढून त्या खुर्चीच्या पुढे गेल्या. मुलगी उठली आणि तिनं त्यांचा हात धरला, पहिलीत धरायची तसाच. आधी तिची खोली दाखवली, मग स्वयंपाकघर. ते वडे तळायचं यंत्र ओट्यावरच होतं. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग दोघी मागच्या गॅलरीत गेल्या. मी जाऊन बघितलं तर त्या कठड्याला धरून खाली रस्त्याकडे बघत होत्या. मागच्या गॅलरीतून गगनबावड्याचा रस्ता दिसतो. एक एसटी चालली होती.

"ही माझी गाडी," त्या नातीला सांगत होत्या. "पंधरा वर्सं गेलो मी हितनंच. तवा हितं नुस्ता ऊस हुता." मग माझी चाहूल लागली तसं वळून न बघताच म्हणाल्या, "हितं खुर्ची ठेव एक."

घशात जे इतकी वर्षं अडकलं होतं ते एकदम वर आलं.

"आई," मी म्हटलं, "चहा टाकते."

एसटी वळणापलीकडे गेली.

"व्हय, टाक. आणि आज पुरा कप दे," त्या म्हणाल्या, आणि मग पार्किंगपर्यंत जाईल अशा आवाजात, "आणि ते दार लाव की गं. मी बसणार हाय."